मत्स्यबीजाची पिशवी उघडण्याआधी

सोयाबीनची पेरणी उरकली की इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे दुसरी लगबग सुरू होते, मत्स्यबीजाची, म्हणजे तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांची. शेततळी भरू लागतात, बीजवाला गाडी घेऊन दारात येतो आणि "झपाट्यानं वाढतं" एवढ्या शब्दावर आपण पैसे मोजतो. दोन वर्षांपूर्वी मीही मोजले. कटला-रोहू या देशी माशांबरोबर तिलापिया या परदेशी माशाची थोडी पिल्लं आली असावीत. माझ्या तळ्यात विहिरीचं पाणी उन्हाळाभर असतं, त्यामुळे ती जगली. गेल्या हिवाळ्यात जाळं ओढलं तर तळहाताहून लहान तिलापियाच तिलापिया. घेणारा कुणी नाही आणि रोहूचं खाद्य फस्त.

तरी 'बाहेरचा मासा म्हणजे वाईटच' हे मला पटत नाही. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ मध्ये देशात आले, सायप्रिनसची (कॉमन कार्पची) बँकॉक जात १९५७ मध्ये, आणि मिश्र मत्स्यशेतीत आपण तिन्हींवर पैसा कमावला. मासा कुठून आला यापेक्षा दोन गोष्टी विचारा: तो तुमच्या तळ्यात अंडी घालतो का, आणि तळं ओसंडलं तर पाणी कुठं जातं?

गवत्या-चंदेरा साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना मोठी वाहती नदी लागते. बंद तळ्यात सोडाल त्याहून त्यांची संख्या वाढत नाही. सायप्रिनस मात्र पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. तो १९५२ पासून इथं आहे, पण छोट्या शेततळ्यात मला नको.

पाण्याचा उतार पाहा. हातोदकडचं पाणी गंभीर नदीला, यशवंतसागरला, पुढे क्षिप्रा-चंबळला मिळतं. महूपलीकडचं चोरलमधून नर्मदेत जातं, म्हणजे थेट महसीर या देशी नदीमाशाच्या घरात. हिमाचलमधल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये चंदेरा चुकून शिरला आणि कालांतरानं त्यानं तिथल्या कटल्याला मागं टाकलं. तळ्याचा सांडवा (जादा पाण्याची वाट) नाल्याला जोडलेला असेल तर 'बंद तळ्यात निरुपद्रवी' हा हिशेब तिथंच संपतो. अशा तळ्यात कटला, रोहू आणि मृगळच सोडा.

थाई मांगूर हा मिशावाला परदेशी मासा मात्र कोणत्याही भावात घेऊ नका. त्यावर २००० पासून बंदी आहे आणि हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्ये ती पुन्हा उचलून धरली. तो हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत पलीकडच्या पाण्यात जातो आणि हाती लागेल ते खातो. डोक्यामागचं हाड बघा: देशी मांगूरला एकच टोक, थाईला तीन बोथट उंचवटे. सापडला तर नाल्यात फेकू नका, मारून चुना टाकून पुरा.

पिशवी आल्यावर मूठभर पिल्लं पांढऱ्या टबात ओता. पाठीवरचा पर लांब, काटेरी आणि त्याच्या मागच्या बुडाशी काळा ठिपका असेल तर तिलापिया. पर लांब पण तोंडाला मिशा असतील तर सायप्रिनस. कटला-रोहूचा पर आखूड असतो. गाडीवाला घाई करील, करू द्या. मग पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळलं की सोडा. हेक्टरी ५,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरेत. पाणी येण्या-जाण्याच्या दोन्ही वाटांवर बारीक जाळी लावा आणि जोराच्या पावसानंतर काडीकचरा काढा, नाहीतर जाळी तुंबून बांधच फुटेल.

तळ्यात नकोसे मासे आधीच असतील तर आत्ता पावसाळ्यात मासे मारणारी मोहाची पेंड टाकू नका. तळं ओसंडलं तर ते विष खालच्या नाल्यातले मासे मारील. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरवा, चिखलाला भेगा पडेपर्यंत वाळवा. पाणी उतरत नसेल तेव्हाच पेंड वापरा: १,००० चौरस मीटर आणि १ मीटर खोल पाण्याला साधारण २५० किलो, पुढचे तीन आठवडे नवं बीज नाही. मी यंदा बीज घेतलंच नाही. विहिरीची मोटारही मार्चपासून बंद ठेवणार आहे.