रात्री ॲडमिट करायची वेळ आली तर: आधी रूमची मर्यादा

आधार, चार्जर, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट. यावर वेगळं सांगायला नको. मेडिक्लेमचं कार्डही लोक घेतात, पण रूम रेंटची मर्यादा, म्हणजे रूमसाठी विमा कंपनी रोज जास्तीत जास्त किती देणार, ती बहुधा कार्डावर नसते, पॉलिसी शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) असते. आजच शोधा आणि कार्डाच्या झेरॉक्सवर जाड पेनाने लिहा.

एवढा आग्रह का, तर हिशेब बघा. विमा 3 लाखांचा, मर्यादा रोज 1 टक्का, म्हणजे 3,000. तुम्ही 6,000 ची रूम घेतली. फक्त वरचे 3,000 खिशातून जातील असं वाटतं ना? नाही. डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हेही त्याच प्रमाणात निम्मं कापलं जातं. हे चार्जेस 80,000 झाले तर 40,000 तुमचे, शिवाय चार दिवसांच्या रूमचे 12,000. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूला ही प्रमाणातली कात्री लागत नाही, पण म्हणून निर्धास्त राहू नका. मर्यादा नसलेली पॉलिसी असेल तर उत्तम, पण तीही वाचूनच खात्री करा.

पावसाळा सरताना डेंग्यू भरात असतो. तेव्हा आपल्या नाशिकात मुंबई नाका काय, गंगापूर रोड काय, जनरल आणि ट्विन शेअरिंग (दोघांत एक रूम) आधी भरतात आणि काउंटरवर विचारतात, "डिलक्सच शिल्लक आहे, देऊ का?" घाबरलेला माणूस हो म्हणतो. म्हणू नका. आधी मर्यादा सांगा. दुसरीकडे नेणं शक्यच नसेल तर ‘कमी दराची रूम रिकामी होताच शिफ्ट करा’ असं लेखी द्या आणि रोज सकाळी विचारा. सही करण्याआधी फॉर्मवरचा रूमचा दर वाचा. पुन्हा सांगतो, दर वाचा.

कॅज्युअल्टीत हिस्ट्री देताना अंदाजपंचे बोलू नका. "बीपी बऱ्याच वर्षांपासून" म्हणालात की केस पेपरवर ‘10 वर्षं’ उमटतं, पॉलिसी घेऊन चारच वर्षं झालेली असतात, मग आजार लपवला असं धरून क्लेम अडकतो. माहिती असलेल्या एकानेच बोलावं.

ॲम्ब्युलन्स 108, फुकट. नाशिकरोडवाल्यांनी संध्याकाळी द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा आपल्याच बाजूचं कॅशलेस हॉस्पिटल आधी हेरून ठेवावं. मेडिक्लेम नसेल तर राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड न्या आणि डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा माणूस) गाठा, नंतर नाही.

विमा कंपनीला साधारण 24 तासांत कळवायचं. रविवार असला तरी. 2 लाख किंवा जास्त रोख हॉस्पिटलला घेता येत नाही, यूपीआयलाही मर्यादा असते, म्हणून डेबिट कार्ड हवं.

डिस्चार्जला कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची असते. ग्लोव्हज, मास्क वगैरे बहुधा तुमच्याच माथी. मेडिकलची पक्की बिलं, समरी, रिपोर्ट घ्या. आणि फायनल बिलात रूमचा दर पहिल्या दिवशी ठरलेलाच लागलाय का, ते पाहूनच पैसे भरा.