फुटपाथवरची कुत्र्याची शी उचलताना
फिरायला निघताना 2 पिशव्या घ्या. एखादी ऐनवेळी फाटतेच. आधी फुंकर मारून भोक नाही ना, ते बघा. पिशवी उलटी करून हातमोज्यासारखी घाला, शी मुठीत धरा, पिशवी सुलटी करा, हवा काढून गाठ मारा. पातळ असेल तर पुसू नका, नुसती पसरते. वर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून 2 मिनिटं थांबा, मग पुठ्ठ्याने खरवडून घ्या. कुत्रा बसताच खाली जुना कागद सरकवता आला तर उत्तमच (लाजरी कुत्री मात्र उठून जातात). पाण्याने गटारात लोटू नका; पावसाळी गटारं बहुधा थेट नदीनाल्याला मिळतात. विष्ठेतली गोलकृमींची अंडी ताजी असताना संसर्ग करत नाहीत, साधारण 2-3 आठवड्यांनी करतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून लगेच उचला.