हडर्सफील्डचा १९२३-२४ चा हंगाम गल्लीच्या फळ्यावर कसा मांडायचा

बेळगाव-खानापूरकडे गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा असतोच. लेले मैदानावर स्पर्धा चालू असली की त्यावर निकाल लागतात. मधल्या रिकाम्या दिवसांत इंग्लंडच्या फुटबॉल साखळीचा एखादा जुना हंगाम मांडायचा असेल तर १९२३-२४ चा घ्या. व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या हडर्सफील्ड टाउनचे आणि कार्डिफ सिटीचे ४२ सामन्यांत सारखेच ५७ गुण झाले होते. विजेता ठरवताना नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच.

आधी फळा नको, वही. आडवी उघडणारी हिशेबाची वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, घरचा की बाहेरचा, प्रतिस्पर्धी, केलेले गोल, खाल्लेले गोल, त्या दिवसाचे गुण, एकूण गुण. साखळीच्या पहिल्या श्रेणीत २२ संघ होते, म्हणजे घरचे २१ आणि बाहेरचे २१. घरचे निळ्या शाईने लिहा, बाहेरचे काळ्या. एखादा रंग २१ वर थांबला नाही तर एफए कपचा (बाद पद्धतीच्या वेगळ्या स्पर्धेचा) सामना साखळीत घुसलाय असं समजा. ही सगळ्यात नेहमीची चूक.

विजयाला २ गुण, बरोबरीला १. तीन गुणांची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१-८२ ला आली. हडर्सफील्डचे विजय २३, बरोबरी ११, पराभव ८. कार्डिफचे २२, १३, ७. तीनच्या हिशेबाने ८० विरुद्ध ७९ होतात, विजेता तोच राहतो, पण सगळी गंमतच जाते.

आता गोल. हडर्सफील्ड ६०-३३, कार्डिफ ६१-३४. वजाबाकी केली तर दोघांचेही २७, आणि जास्त गोल कुणाचे म्हणून बघाल तर विजेतेपद कार्डिफला देऊन बसाल. पण गोलफरक १९७६-७७ पासूनचा. तेव्हा गोल सरासरी चाले: केलेले भागिले खाल्लेले. ६० ÷ ३३ = १.८१८ आणि ६१ ÷ ३४ = १.७९४. दशांशानंतर एकच आकडा ठेवलात तर दोन्हीकडे १.८ येतं आणि फळ्यापुढे भांडण लागतं. तीन आकडे लिहा. कॅल्क्युलेटर नसेल तर तिरका गुणाकार करा: ६० × ३४ = २०४०, ६१ × ३३ = २०१३. मोठा आकडा हडर्सफील्डचा.

ही पद्धत बचाव करणाऱ्याच्या बाजूची आहे. हडर्सफील्डने एक गोल कमी केला असता तर सरासरी १.७८८ झाली असती; एक जास्त खाल्ला असता तर १.७६५. खाल्लेला गोल जवळजवळ दुप्पट महाग पडतो. (एकही गोल न खाणाऱ्या संघाचं काय करायचं, शून्याने कसं भागणार, हे विचारणारा एक तरी पोरगा निघतोच.)

खेळाडूंचं पान करायचं असेल तर ताळा सोपा आहे. बदली खेळाडू नव्हते, त्यामुळे हजेरीची बेरीज ४२ × ११ = ४६२ यायलाच हवी. कमी आली तर एखाद्या सामन्यातलं नाव सुटलंय. संघ २-३-५ असा मांडा: दोन फुलबॅक, तीन हाफबॅक, पाच फॉरवर्ड. साखळीत पाठीवर क्रमांक आले ते १९३९ मध्ये, तेव्हा जर्सीवर आकडे रंगवू नका. बर्मिंगहॅमच्या नावापुढे ‘सिटी’ही लावू नका, ते पुढे आलं.

फळ्यावर अख्खे ४२ सामने मावत नाहीत. लांबून वाचताही येत नाहीत. वर पहिले दोन संघ, खाली शेवटचा दिवस, एवढं पुरे. संघांची नावं मराठीत लिहा, आकडे इंग्रजी लिपीत, म्हणजे कन्नड शाळेतली पोरंही येता-जाता वाचतील.

३ मे १९२४. सकाळचा तक्ता असा: कार्डिफ ५६ गुण, ६१-३४, हडर्सफील्ड ५५ गुण, ५७-३३. कार्डिफ बर्मिंगहॅमच्या मैदानावर ०-० अडकलं, लेन डेव्हिसची पेनल्टीही गोल झाली नाही. तिकडे हडर्सफील्डने घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० हरवलं. २-० जिंकले असते तर ५९ ÷ ३३ = १.७८८, म्हणजे विजेतेपद गेलं. ३-१ नेही गेलं असतं. आणि ४-१? दोघांचेही ६१-३४, तंतोतंत सारखे.

म्हणून ३-० चा आकडा फळ्यावर लगेच लिहू नका. तिथे कागद चिकटवा, खाली विचारा: ‘हडर्सफील्डला किती गोलांनी जिंकायला हवं?’ कागद दुसऱ्या दिवशी सकाळी काढा.