नाताळसाठी खाऊच्या भेटी : आधी मुरवायचे, मग वाटायचे

नाताळात घरी केलेला खाऊ भेट म्हणून द्यायचा असेल, तर पाककृती शोधण्याआधी कॅलेंडर पाहावे. युरोपातील नाताळचे बहुतेक जुने पदार्थ शीतकपाटे नव्हती त्या काळातले आहेत. साखर, मध, सुकी फळे, मसाले आणि मद्य यांच्या जोरावर ते आठवडेच्या आठवडे टिकतात आणि त्यांतले काही तर मुरल्याशिवाय खाण्याजोगेही होत नाहीत. इंग्लंडमध्ये आगमनकाळ (नाताळच्या आधीचे तयारीचे चार आठवडे) सुरू होण्याआधीच्या रविवारी, म्हणजे 20 ते 26 नोव्हेंबरच्या दरम्यान, नाताळच्या पुडिंगचे मिश्रण कालवण्याची प्रथा आहे. घरातील प्रत्येकाने ते पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचे असते, कारण बाळ येशूच्या दर्शनाला आलेले मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष, पूर्वेकडून आले होते. याच सुमारास फ्रूटकेक भाजावा, त्यानंतरच्या आठवड्यात श्टोलन (सुक्या फळांचा जर्मन गोड पाव) आणि लेबकुखेन (मध-मसाल्यांची जर्मन बिस्किटे) करावेत आणि शॉर्टब्रेडसारखी बिस्किटे अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवावीत.

भेट म्हणून माझी पहिली पसंती फ्रूटकेकलाच आहे. 20 सेंटिमीटर व्यासाच्या खोल गोल साच्यासाठी 900 ग्रॅम सुकी फळे घ्यावीत. त्यांत मनुका आणि बेदाणे मुख्य असावेत आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल चवीपुरती असावी. ही फळे 120 मिलिलिटर ब्रँडीत किंवा रममध्ये आदल्या रात्रीपासून झाकून ठेवावीत. ही पायरी गाळू नये, कारण कोरडी राहिलेली फळे भाजताना आणि नंतरही केकमधलाच ओलावा शोषून घेतात आणि केक भुसभुशीत होतो. दुसऱ्या दिवशी 225 ग्रॅम मऊ बटर आणि तितकीच गडद ब्राउन शुगर फिकट रंग येईपर्यंत फेसावी आणि खोलीच्या तापमानाला आणलेली चार अंडी एकेक करून त्यात घालावीत. मिश्रण फाटू लागले तर चमचाभर मैदा टाकल्यावर ते पुन्हा जुळून येते. मग 225 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बदामाची पूड, एक चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा जायफळ, चिमूटभर लवंगेची पूड आणि एका संत्र्याची किसलेली साल हलक्या हाताने मिसळावी आणि शेवटी फळे घालावीत. बेकिंग पावडर लागत नाही. हा केक फुगावा अशी अपेक्षाच नसते आणि मिश्रण इतके घट्ट असते की फळे तळाशी बसण्याची भीतीही राहत नाही.

साच्याला आतून बेकिंग पेपरचे दोन थर लावावेत आणि बाहेरून जाड तपकिरी कागद सुतळीने बांधावा, म्हणजे एवढ्या लांबलेल्या भाजणीत कडा करपत नाहीत. ओव्हन 140 अंशांवर, पंख्याचा असल्यास 120 अंशांवर ठेवावा आणि सुमारे चार तास धरावेत. दोन तासांनंतर वरचा भाग फार गडद दिसला, तर त्यावर कागद सैलसर ठेवावा. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला असे मानतात, पण फळांचा चिकट रस काडीला लागून फसगत होऊ शकते, म्हणून साचा बाहेर काढून कान जवळ न्यावा. बारीक फसफस स्पष्ट ऐकू येत असेल, तर आत अजून ओल आहे आणि आणखी पंधरा मिनिटे द्यावीत. आवाज जवळजवळ थांबला असेल, तर केक तयार आहे. तो साच्यातच पूर्ण थंड होऊ द्यावा, रात्रभर राहिला तरी उत्तम.

वाटण्यासाठी एकच मोठा केक सोयीचा नसतो. हेच मिश्रण तितक्याच उंचीच्या 10 सेंटिमीटरच्या चार साच्यांत बसते, कारण व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते. भाजण्याची वेळ मात्र चौथाई होत नाही. सव्वा तासानंतर तपासायला सुरुवात करावी आणि दोन तासांपर्यंत लागू शकतात असे गृहीत धरावे. थंड झालेल्या केकला काडीने भोके पाडून दर दहा-बारा दिवसांनी मोठ्या केकसाठी एखादा टेबलस्पून आणि लहानासाठी चमचाभर ब्रँडी पाजावी आणि भेट देण्याच्या आठवडाभर आधी थांबावे. जास्त पाजल्याने केक अधिक चांगला होतो हा गैरसमज आहे. तो ओला होतो आणि कापताना ढासळतो. गुंडाळताना आधी बेकिंग पेपर आणि मगच फॉइल वापरावी, कारण फळांतील आम्ल ॲल्युमिनियमला खाते. मद्य नको असेल, तर फळे संत्र्याच्या रसात भिजवता येतात, पण असा केक महिनाभर कपाटात मुरवू नये. तो नाताळच्या जवळ करावा किंवा गोठवून ठेवावा.

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचा श्टोलन हा यीस्टचा पदार्थ असूनही टिकतो, त्याचे कारण त्याच्या लेपात आहे. आगमनकाळ उपवासाचा असल्याने पूर्वी त्या दिवसांत लोणी वर्ज्य होते आणि श्टोलन तेलात केला जाई. 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्याची सवलत दिली आणि आज खऱ्या ड्रेस्डनर श्टोलनमध्ये मैद्याच्या निम्म्या वजनाइतके तरी लोणी असावेच लागते. एवढ्या स्निग्धांशात यीस्ट मंदावते, म्हणून आधी थोडा मैदा, कोमट दूध आणि यीस्ट यांचे सैल पीठ फसफसू द्यावे आणि मगच लोणी आणि उरलेला मैदा मिसळावा. भिजवलेली फळे सगळ्यात शेवटी घालावीत. भाजून झाल्यावर पृष्ठभागावरचे करपलेले मनुके खुडून टाकावेत, कारण ते कडू लागतात. श्टोलन गरम असतानाच त्यावर वितळलेल्या लोण्याचे दोन हात फिरवावेत, वर साखर पेरावी आणि थंड झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर द्यावा. लोणी आणि साखरेचे हे कवच आतला ओलावा धरून ठेवते. घट्ट गुंडाळून दोन आठवडे थंड जागी ठेवावा.

मध आणि मसाल्यांचा लेबकुखेन न्यूरेनबर्गमध्ये बहरला, कारण त्या शहराला भोवतालच्या जंगलांतून मध मिळे आणि मसाल्यांच्या व्यापारी वाटाही तेथून जात. त्यातील एलिझेन या उंची प्रकारात एक चतुर्थांश तरी कवचफळे (बदाम, अक्रोड यांसारखी) असावी लागतात आणि पीठ दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही. मध आणि पीठ वापरून केलेले साधे लेबकुखेन भाजल्यावर कडक होतात. त्यांच्या डब्यात सफरचंदाच्या सालीचा तुकडा ठेवला की काही दिवसांत ते मऊ पडतात. मात्र साल दर दोन दिवसांनी बदलावी, नाहीतर बुरशी धरते.

स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडला एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा हे वजनी प्रमाण पुरते. ते लेबकुखेनच्या डब्यात कधीही ठेवू नयेत, कारण एका रात्रीत शॉर्टब्रेडची खुसखुस जाते. मिश्र खाऊचा डबा द्यायचाच असेल, तर प्रत्येक प्रकार वेगळ्या पिशवीत बंद करावा. इटलीतील मिलानच्या पानेत्तोने या उंच, हलक्या गोड पावाच्या वाटेला घरी न गेलेले बरे. आंबवणाची अनेक दिवसांची निगा आणि भाजल्यावर उलटे टांगून थंड करण्याचा खटाटोप पाहता तो विकत आणणे शहाणपणाचे.

काही भेटी दिसायला देखण्या असल्या तरी देऊ नयेत. तेलात बुडवलेल्या ताज्या लसणाची किंवा हिरव्या पाल्याची बाटली खोलीच्या तापमानाला ठेवल्यास तिच्यात बॉट्युलिझमचे (जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचे) विष तयार होऊ शकते, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणात आम्ल कमी असते. लेमन कर्डसारखे अंड्याचे पदार्थ शीतकपाटातच ठेवावे लागतात, म्हणून ते फक्त हातोहात द्यावेत.

डब्यावरची चिठ्ठी सजावटीपुरती नसावी. पदार्थात कवचफळे, अंडी, दूध, गहू आणि मद्य यांपैकी काय आहे, तो केव्हा केला आणि केव्हापर्यंत संपवावा, हे स्वच्छ अक्षरात लिहावे. मधाचा पदार्थ असल्यास एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, असेही नमूद करावे. श्टोलनच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ हवी : तो टोकाकडून न कापता मधोमध कापावा आणि काप काढून झाल्यावर दोन्ही अर्धे एकमेकांना भिडवून गुंडाळावेत, म्हणजे कापलेली बाजू उघडी पडून वाळत नाही.