जैसलमेरच्या वाळूत चालायचं कसं, नागपूरवाल्यांसाठी

आपण नागपूरवाले ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून आंबे चोखणारे लोक, तर मीही 'आपल्याला उन्हाचं काय बाप्पा' म्हणत जैसलमेरला गेलो आणि पहिल्याच टेकाडावर अर्ध्यातच धापा टाकत बसलो. ऊन कारण नव्हतं, थंडीचेच दिवस होते. वाळूत एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं, दम तिथंच जातो. म्हणून जायच्या आधी दोन-तीन रविवार कन्हानच्या पात्रात कोरड्या वाळूतून तासभर चाला, पोटऱ्यांना कळू द्या काय येऊन राहिलं ते.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उन्हाळ्याचा विचारच नको. जोधपूर गाठा, तिथून जैसलमेर साधारण २८० किलोमीटर. पुढं वाळूच्या टेकड्यांची दोन गावं, सम ४० किलोमीटरवर, खुरी त्याहून थोडं लांब. समला उंट, जीप, डीजे असा पूर्ण मेळा असतो, चालायचंच असेल तर माझं मत खुरीला. तिथल्या डेझर्ट नॅशनल पार्कचं नाव ऐकून सगळी वाळूच असेल असं वाटतं, पण ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या पार्कात वाळूचे टिब्बे जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी खडक आणि खुरटं गवत. त्याच गवतात माळढोक पक्षी असतो, एकेकाळी आपल्या वरोऱ्याकडं दिसायचा तोच. तो भाग बघायचा असेल तर परवानगीचं जैसलमेरातच आधी विचारून घ्या.

आता चढायचं कसं. टिब्ब्याला दोन बाजू असतात. वारा येतो ती बाजू लांबट, १०-१५ अंशांची, वाऱ्यानं चोपून घट्ट झालेली, वर बारीक लाटा दिसतात. पलीकडची बाजू ३०-३४ अंशांची, भुसभुशीत, तिथं वाळू वरून नुसती ओघळत असते. मी मूर्खासारखा शॉर्टकट म्हणून तिकडून चढायला गेलो होतो. लाटा दिसतील तिथून तिरकं चढा, छोटी पावलं टाका, पुढं कोणी गेला असेल तर त्याच्याच खड्ड्यात पाय ठेवा, वर पोचलात की धारेवरून चाला. उतरताना मात्र भुसभुशीत बाजूच घ्या, टाच रोवत धावत या, लय मजा येते. फक्त खाली जीप नाही ना ते आधी बघा, कारण धारेपलीकडचं ड्रायव्हरला दिसत नाही.

पहाटे निघा, दहाच्या आत परत या. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, आणि संध्याकाळी थांबणार असाल तर स्वेटर, कारण सूर्य गेला की वाळू पटकन गार पडते. आपल्या पावलांच्या खुणांवर रस्ता शोधू असं समजू नका, वारा सुटला की त्या पुसल्या जातात, तंबू सोडतानाच लोकेशन सेव्ह करा. मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा.

बूट जाळीचे नको, आणि पँट मोज्यात खोचा. तिथं भुरट नावाचं गवत आहे, त्याची काटेरी बोंडं मोज्याला अशी चिकटतात की ओढली तर बोटात घुसतात, कंगव्यानं काढावी लागतात. माझ्या मोज्यातलं एक तसंच वॉशिंग मशीनमध्ये गेलं आणि आठवड्यानं आईच्या टॉवेलात सापडलं. तिनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.