बेस गिटारवर स्लॅप केव्हा शिकावे?
कोल्हापुरात बेस गिटार शिकणाऱ्यांपैकी ज्यांना गणेशोत्सवातल्या किंवा लग्नसमारंभातल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे आहे, त्यांनी स्लॅपची, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोका देऊन आणि तार ओढून सोडून वाजवण्याच्या पद्धतीची, घाई करू नये. तिथल्या हिंदी-मराठी गाण्यांना बहुधा बोटांनी वाजवलेला, ड्रमच्या किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) धरून चालणारा बेसच हवा असतो. मात्र स्लॅप वर्ज्यही मानू नये. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकात आईसोबत ड्रमवादकाविना वाजवताना ही पद्धत घडवली, ती अंगठ्याच्या ठोक्याने किकची आणि ओढून सोडलेल्या तारेने स्नेअरची (काठीने वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमची) जागा भरण्यासाठी. म्हणजे हे मुळात तालाचेच काम आहे, आणि मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) साधे स्वर समान अंतराने पडत नसतील, तर स्लॅपमुळे ती उणीव अधिकच उघडी पडते. खरी कसोटी मात्र, दिसत नसली तरी, डाव्या हाताची असते, कारण न वाजणाऱ्या तारा त्या हाताच्या मोकळ्या बोटांनी हलकेच झाकल्या नाहीत, तर त्या गुंजत राहून सारा ठेका गढूळ करतात. हे साधू लागल्यावर रोजच्या सरावाच्या शेवटी दहा मिनिटे, केवळ सर्वांत जाड तारेवर, फ्रेटबोर्ड (तारांखालची, बोटे दाबायची पट्टी) संपतो तिथे, मनगट फिरवून अंगठ्याच्या हाडाळ कडेने ठोका द्यावा आणि अंगठा लगेच मागे येऊ द्यावा. मनगट दुखू लागल्यास त्या दिवशी थांबावे.