हलकीफुलकी कादंबरी ऐकायला कशी निवडावी

मी फोंड्याहून पणजीला कदंबच्या बसने जाते. साधारण तासाभराचा प्रवास, म्हणून हलक्या कथाच ऐकते: कौटुंबिक गमती, प्रेमकथा, सोप्या रहस्यकथा. स्टोरीटेल हे ऑडिओबुक ऐकायचं अ‍ॅप 2017 साली भारतात आलं ते मराठीसकट, आणि माझं ऐकणं तिथूनच वाढलं.

निवडताना आधी नमुना ऐका, पण घरच्या शांततेत नको. बस बाणस्तारीच्या पुलावर असो की बाजारात, गोंगाटात ऐका. पार्श्वसंगीतात शब्द बुडत असतील तर ते पुस्तक सोडून द्या.

मग उच्चार. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. वाचक, म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारा, दोन्ही एकसारखे म्हणत असेल तर पुढे दहा तास कान दुखणार. संवादात पात्रं ओळखू यावीत, पण त्यासाठी आवाज पिळायची गरज नाही. वेग आणि ठेहराव बदलला तरी आजी आणि नात वेगळ्या कळतात. एका कथेतला गोंयकार (गोव्याचा) बाप्पा इतका ओढूनताणून हेल काढत बोलला की मी तिसऱ्या प्रकरणात थांबले. आमच्याकडे कोणी असं बोलत नाही! तो भाग साध्या मराठीत वाचला असता तर मला जास्त आपला वाटला असता.

विनोदी प्रसंगात वाचक स्वतः हसतो का, तेही पाहा. मला न हसणारा आवडतो. हसायची जागा ऐकणाऱ्याला मिळते.

वेग 1.25 पट केला तर दहा तासांचं पुस्तक आठ तासांत संपतं. रहस्यकथेला चालेल. विनोदाला मात्र कधीच नको, त्यातला थांबा गेला की गंमतच जाते.